थेंबभर अर्क, वाटीभर कोकमतेल

लावणी सुरू झाली की पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून लोकांचे पाय बघावेत. चपलेतून डोकावणाऱ्या बोटांच्या बेचक्या भिजून पांढऱ्या पडलेल्या, टाचेच्या भेगांत शेतातला काळा चिखल घट्ट बसलेला, कुणाच्या घोट्यावर खाजवून खाजवून लाल झालेलं वर्तुळ. महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या पुढे जातो. जून ते सप्टेंबर आपली कातडी खऱ्या अर्थाने वाळतच नाही. बोटांच्या बेचक्यांतल्या या दुखण्याला आपण चिखल्या म्हणतो आणि पावसाळा आहे म्हणजे त्या असायच्याच, असं धरून चालतो.

अलीकडे या दुखण्यावर एक नवा उपाय घराघरांत आलाय. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या बाजारात गेलं की नीलगिरी, गवती चहा, लव्हेंडर, टी ट्री अशा नावांच्या अंगठ्याएवढ्या बाटल्या रांगेने मांडलेल्या दिसतात. मोबाईलवरून मागवल्या तर घरपोच येतात. दुकानदार त्यांना इसेन्शियल ऑइल म्हणतो. शुद्ध, नैसर्गिक, वनस्पतीजन्य. मीही भुलले होते. गवती चहाच्या तेलाची एक बाटली आणली आणि लावणीहून आल्यावर रात्री दोन्ही पायांच्या बेचक्यांत चार-चार थेंब थेट सोडले. चहात घालतो तेच गवत, त्याने काय होणार, असा माझा हिशेब. पाच मिनिटांत पायाला निखारे लावल्यासारखं झालं. बादलीत पाय घातले, वर पाणी ओतलं, पण आग जाईना, कारण हे तेल पाण्यात विरघळत नाही. शेवटी सासूबाईंनी खोबरेलाची बाटली आणून बेचक्यांत बदाबदा ओतली, फडक्याने टिपून घेतलं, पुन्हा ओतलं, पुन्हा टिपलं आणि मग साबण लावून पाय धुवायला लावले. आठ दिवस पायात चप्पल घालता आली नाही. लावणी घरच्यांनी उरकली आणि टोमणे मी ऐकले.

चूक बाटलीची नव्हती. ‘तेल’ या शब्दाने माझी फसगत केली. आपल्या भाषेत तेल म्हणजे खोबरेल, एरंडेल, करंजेल: घाण्यातून निघणारं, बोटांना चिकटणारं, तळहातावर घेऊन चोळायचं. बाटलीतलं होतं ते पानांतून वाफेने काढलेला अर्क. फरक बघायचा असेल तर वहीचा एक कोरा कागद घ्या. एका कोपऱ्यावर खोबरेलाचा थेंब टाका, दुसऱ्यावर अर्काचा आणि कागद दिवसभर राहू द्या. खोबरेलाचा डाग तसाच राहील, उजेडात धरला तर आरपार दिसेल. अर्क उडून जाईल, कागदावर जवळजवळ काही राहणार नाही. (राहिलाच तेलकट डाग, तर दुकानदाराने आधीच साधं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. लेबलवर तसं लिहिलं असेल तर हरकत नाही. लिहिलं नसेल तर ती फसवणूक आहे.)

आता हा अर्क किती तीव्र, तेही पाहू. शंभर किलो ओल्या गवती चहातून साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघतं. म्हणजे दहा मिलीच्या बाटलीत दोन-तीन किलो पात कोंडलेली असते. चहाच्या आधणात आपण टाकतो दोन-तीन पाती. त्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के एकच द्रव्य असतं, सिट्रल. गवती चहाचा तो लिंबासारखा वास त्याचाच. वास सुरेख, पण कातडीला झोंबणारं आणि काहींच्या अंगावर कायमची ॲलर्जी उठवणारं म्हणून ते ओळखलं जातं. एकदा कातडीने अशा द्रव्याचा धसका घेतला की पुढे थेंबाचा अंश लागला तरी पुरळ उठतं.

आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य शहरातल्या माणसाने बोलावं, कोकणातल्या माणसाने बोलू नये. आपल्या परसात बिब्बा आहे. बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की काय होतं, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार काही उगाच रुळलेला नाही. मे महिन्यात देठ न पुसता आंबा तोंडाला लावणाऱ्या मुलांच्या ओठांच्या कोपऱ्यात चिकाचे काळे चट्टे येतात. काजूगर सोलणाऱ्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलाने सोलवटतात. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. झाडाने हे रस स्वतःच्या रक्षणासाठी केलेले असतात, आपल्या गालांसाठी नव्हे.

म्हणून पहिला नियम असा: अर्क कधीच नुसता लावायचा नाही. तो तिखटासारखा आहे. कालवणात चिमूटभर घालतो, बोटाने चाटत नाही. हिशेब सोपा आहे. एका मिलीत साधारण वीस थेंब धरा. चहाचा एक चमचा म्हणजे पाच मिली. चमचाभर खोबरेलात अर्काचा एक थेंब टाकला की एक टक्का झाला. चेहऱ्याला, मानेला आणि नाजूक कातडीला एवढंच पुरे. हातापायांच्या धडधाकट कातडीला चमच्याला दोन थेंब चालतील. तिसऱ्या थेंबाने गुण वाढत नाही, झोंबणं वाढतं. आणि कातडी फुटलेली असेल, भेगेतून रक्त दिसत असेल, बेचकी सोललेली असेल, तर तिथे एकही थेंब नको. नेमकी हीच जागा मी निवडली होती.

नवं मिश्रण केलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस वाट पाहा. ॲलर्जी लगेच दिसतेच असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उठते. तोवर लग्नाची तारीख उद्यावर आली असेल तर नवीन काही चेहऱ्याला लावूच नका.

आता कुठला अर्क घ्यायचा? माझं मत विचाराल तर रोशाचा. हा आपल्या महाराष्ट्राचा अर्क आहे, आणि त्याला आपल्या भाषेत स्वतःचं नाव आहे, खोबरेल-करंजेलाच्या चालीवरचं: रोशेल. रोशा गवत हे गवती चहाचंच भावंड. खानदेशात ते रानोमाळ उगवायचं आणि तिथे भट्ट्या लावून त्याचं तेल काढायचा मोठा धंदा एकोणिसाव्या शतकात होता. ते तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने पार तुर्कस्तानापर्यंत जायचं, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. भेसळच ती, पण खपून जायची, कारण रोशेलातलं मुख्य द्रव्य जिरॅनिऑल. गुलाबाच्या वासातही तेच असतं. बाजारात आज ते पामारोजा या नावाने मिळतं. गवती चहापेक्षा ते कातडीला बरंच सोसतं. तरी थेंबाचा नियम त्यालाही लागू.

टी ट्रीचं तेल लोक ‘चहाचं तेल’ म्हणून मागतात. त्या झाडाचा चहाशी संबंध नाही, आपल्या गवती चहाशी तर नाहीच. ते ऑस्ट्रेलियातलं झाड. त्याची बाजू अशी की त्याच्यावर माणसांवरचे प्रयोग झालेले आहेत. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात मुरमं असलेल्या १२४ जणांवर पाच टक्के टी ट्री आणि मुरमांचं नेहमीचं औषध बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरमं कमी झाली. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कातडी कोरडी पडण्याचा त्रास कमी झाला. म्हणजे थोड्या मुरमांवर पाच टक्क्यांची तयार जेल वापरून पाहायला हरकत नाही. घरी खोबरेलात कालवून मात्र चेहऱ्याला लावू नका, खोबरेलाने मुरमं आणखी वाढू शकतात.

बेचक्यांतल्या बुरशीवरचे प्रयोग आपल्या जास्त कामाचे. १९९२ च्या प्रयोगात दहा टक्के टी ट्री मलमाने खाज आणि पापुद्रे कमी झाले, पण बुरशी जाण्याच्या बाबतीत ते नुसत्या मलमाहून सरस ठरलं नाही. २००२ मध्ये पंचवीस आणि पन्नास टक्क्यांचं द्रावण वापरलं तेव्हा गुण आला, पण काहींच्या कातडीला त्यानेच दाह झाला. सांगायचं तात्पर्य, खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही, आणि बुरशी मारण्याइतका अर्क लावायचा तर कातडीही त्यात होरपळू शकते. मेडिकलमध्ये मिळणारं साधं क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचं मलम यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं. मी आता तेच वापरते.

लव्हेंडर सौम्य आहे, फक्त बाटली उघडून वर्ष उलटलं की हवेने त्यातली द्रव्यं बदलतात आणि तेच झोंबू लागतं. दालचिनी-लवंगेची तेलं कातडीच्या वाटेला जाऊ देऊ नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण तेज’ दालचिनीची झाडं आता पुष्कळ परसांत आहेत, पान चुरगळलं की हात घमघमतो. ते पान पुलावात घाला. लिंबूवर्गातल्या, सालीतून पिळून काढलेल्या तेलांची गोष्ट वेगळीच: त्यातली काही लावून उन्हात गेलात तर त्या जागी काळे डाग पडतात, कधी फोड येतात. नुसता लिंबाचा रस तोंडाला चोळून उन्हात बसण्याचा जो उपाय मुलींना सांगितला जातो, त्यानेही हेच होतं. गोरं व्हायला जावं आणि महिनाभर डाग मिरवावे.

आता पुन्हा लावणीच्या पायांकडे येते, कारण खरं काम तिथे आहे आणि ते बहुतेक अर्काविना होतं.

शेतावर जाण्याआधी पाय कोरडे असताना बेचक्यांत, टाचांना आणि नखांच्या कडेला कोकमतेल किंवा व्हॅसलीन जाड लावा. ते औषध म्हणून नव्हे. पाणी आत शिरू नये म्हणून, होडीला डांबर लावतात तसं. दुपारी भाकरीला बांधावर आलात की पाय धुऊन फडक्याने पुसा आणि जेवण होईपर्यंत उघडे ठेवा. संध्याकाळी साबणाने स्वच्छ धुवा आणि जुन्या लुगड्याची चिंधी प्रत्येक बेचकीतून फिरवून टिपा. टॉवेल नको, तो जाडा असतो, बेचकीत जात नाही. आणि घरातल्या सगळ्यांचा एकच टॉवेल असेल तर बुरशीही सगळ्यांची एकच होते. रात्री बेचक्या कोरड्या राहू द्या. इथे जुन्या पद्धतीला थोडी मुरड घालावी लागते. आपण रात्री हळद-तेल भरून झोपतो. हळदीचं वावडं नाही, पण भिजून पांढऱ्या झालेल्या बेचकीत रात्रभर तेल कोंडलं की ओल आतच राहते. तेल सकाळी, कामाआधी. रात्री हवा. टाचांना रात्री तेल चालेल, तिथे ओलीचा नव्हे, कोरडेपणाचा त्रास असतो. त्या टाचांच्या तेलात, भेगा भरून आल्या असतील तर, चमच्याला दोन थेंब रोशेल घाला. वास छान येतो, आणि वास छान आला की रोज लावलं जातं. अर्काचा हा गुण मी मोठा मानते.

बेचकीतली भेग हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. लेप्टो तापाचे जंतू उंदीर-गुरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात येतात आणि अशाच भेगेतून अंगात शिरतात. लावणीच्या दिवसांत एकाएकी ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखून दाबवत नाहीत, असं झालं तर पायाला काय लावू असं विचारत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि ‘भातशेतीत काम करते’ हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा.

अशा आणखी काही जागा आहेत जिथे बाटलीचं बूच उघडूच नये. कंबरेला, जांघेत, गोल गोल वाढत जाणारा नायटा अर्काने चिडतो. त्याच्यावर दुकानातून ‘ती तीन औषधांची ट्यूब द्या’ म्हणून आणलेलं मलम तर त्याहून वाईट. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी आत फोफावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीला लावायच्या अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी हात पुढे केला की ट्यूब मिळते हे आपल्याला ठाऊक आहे. रात्री वाढणारी खाज आणि घरात दोघा-तिघांना एकदम झाली असेल तर ती खरूज समजा. औषध घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यानेही, आणि अंथरूण-कपडे गरम पाण्याने धुवायचे. महाडजवळ सवच्या गरम झऱ्यांवर कातडीचे रोगी आंघोळीला जातात. अंग शेकून बरं वाटत असेल, पण खरजेचा किडा आंघोळीने जात नाही. आणि फिकट चट्टा असेल ज्याला खाजही नाही, वेदनाही नाही, टाचणी टोचली तरी कळत नाही, तर त्याला काहीही न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध फुकट मिळतं, वेळेत घेतलं तर पूर्ण बरं होतं. साखरेचा आजार असलेल्यांनी पायावर स्वतःचे प्रयोग करू नयेत. बधिर पायाला अर्क झोंबलेला कळत नाही आणि गरम पाण्याने पोळलेलंही कळत नाही.

लहान मुलांविषयी मी कडक आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या अंगाला कुठलाही अर्क लावायचा नाही. सर्दी झाली म्हणून नीलगिरी किंवा पुदिन्याचं तेल बाळाच्या नाकाला लावणं धोक्याचं, त्याचा श्वास अडू शकतो. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एकत्र करून आपल्याकडे अमृतधारा करतात. तीन कोरडे खडे एकमेकांना लागताच पाणी होतात, मुलं डोळे विस्फारून बघतात. नेमकं म्हणूनच ती बाटली त्यांच्या हाती पडते. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, आणि त्याला फार कापूर लागत नाही. कुठलाही अर्क मुलाने प्यायला तर ओकारी काढू नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क वापरू नये. डोळ्यात थेंब उडाला तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा, आणि मग दाखवून या.

बाटली घेताना ती गडद काचेची आहे ना, झाडाचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि तारीख आहे ना, एवढं पाहा. शंभर रुपयांत मिळणारं चंदनाचं तेल चंदनाचं नसतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणल्या दिवशी तारखेची चिठ्ठी बाटलीला चिकटवा आणि ती चुलीपासून, देवघरातल्या समईपासून लांब ठेवा. अर्क भडकन पेटतो. बचत गटाच्या बायका मला विचारतात, असं तेल-साबण करून विकलं तर? जरूर विका, पण सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं तर २०२० च्या नियमांनुसार अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आधी तो, मग छापील लेबल. घरच्या कुकरला नळी लावून अर्क काढायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. कोंडलेली वाफ आणि पेट घेणारं तेल एकाच शेगडीवर नकोत.

उरलं कोकमतेल, जे विकत आणायचीही गरज नाही. रातांबे फोडून आमसुलं घालता तेव्हा बिया उकिरड्यावर टाकू नका. पाण्याने चोळून धुवा, कडक उन्हात वाजेपर्यंत वाळवा, पाऊस लागायच्या आत टरफल फोडून गर काढा. गर कुटून बारीक करा आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळत ठेवा. वर तवंग जमू लागेल. भांडं रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पाण्यावर पांढरट साय घट्ट झालेली असेल. ती काढून पुन्हा वितळवा, फडक्यातून गाळा, ओल राहू देऊ नका, आणि कोमट असताना मुठीत दाबून गोळे करा. हे तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून फडताळात दगडासारखं राहतं आणि टाचेवर घासलं की सुटतं. नुसतं फार कडक वाटलं तर एका भागाला तीन भाग खोबरेल घालून, वाटी गरम पाण्यात ठेवून एकजीव करा. रोशेल घालायचं असेल तर वाटी खाली उतरवून, बोट बुडवता येईल इतकी निवल्यावरच. गरम तेलात टाकलंत तर वास स्वयंपाकघरभर होईल आणि वाटीत काही उरणार नाही. एका घराच्या लावणीला दोन मुठी गोळे पुरतात. माझ्या सासूबाई एक जास्तीचा करतात, गड्यांच्या पायांसाठी.